सूचीकाकांची दोनशे बारा कार्डं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या एका माणसाला मी सहा वर्षं मनातल्या मनात हसत आले. तोंडावर हसायची सोय नव्हती, कारण ते वयाने मोठे आणि स्वभावाने इतके सरळ, की कोणी आपल्याला हसतंय हे त्यांना कळलंही नसतं. आज त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ती त्या हसण्याची भरपाई करायला नव्हे. ती होणारच नाही. पण माझी ताई आज कोणामुळे आपल्या पायांवर उभी आहे, हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, एवढंच मला वाटतं.

त्यांना सगळे सूचीकाका म्हणतात. ग्रंथालयात चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पुस्तक आलं की त्याचं कार्ड लिहायचं आणि ते लाकडी खणात बरोबर जागी लावायचं. निवृत्त झाल्यावर माणसं झोपा काढतात, गावगप्पा मारतात. यांनी घराची सूची करायला घेतली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, आणि झाकणांची अदलाबदल झाली तर घोटाळा नको म्हणून तीच चिठ्ठी डब्याच्या बुडालाही. दिव्याच्या प्रत्येक बटणाखाली चिठ्ठी. दोन छत्र्या, त्यांना 'छत्री १' आणि 'छत्री २'. काकू म्हणायच्या, "माझ्या पाठीवर अजून चिकटवली नाही, एवढं नशीब समजते."

ग्रंथालयाने जुने संगणक भंगारात काढले तेव्हा काकांनी त्यातला एक मागून घरी आणला. त्याच्यावर नेहमीची प्रणाली चालेना, म्हणून त्यांनी लिनक्स घातलं. का, तर म्हणे ते म्हाताऱ्या यंत्राला घराबाहेर काढत नाही. ते शिकायला एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि अर्थातच प्रत्येक कमांडचं एक कार्ड केलं. मी त्यांच्या खिडकीचे पडदे शिवायला माप घेत होते, तेव्हा मला तो खण उघडून दाखवला होता. मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून वाचले, नाहीतर तिथेच फिसकन हसले असते.

मी आणि ताई, आम्ही दोघीच तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी पडदे शिवते. ताई पोहण्याच्या तलावावर शिकवते, म्हणजे लहान मुलांची पाण्याची भीती घालवते. ती शांत आणि मी तापट. आईने दोघींचा स्वभाव मिसळून निम्मा निम्मा वाटायला हवा होता, ते राहून गेलं.

मागच्या वर्षी ताई तलावाच्या काठावर घसरून पाठीवर पडली. एमआरआय काढला. हाड कुठे मोडलं नव्हतं, पण मणक्याजवळ एक गाठ दिसली. अहवालात लिहिलं होतं, 'लहानशी गाठ, लक्ष ठेवावे.' लहानशी म्हणजे केवढी ते त्या शहाण्याने लिहिलं नव्हतं. चित्रांची एक सीडी मिळाली. काकांच्या कानावर ते गेलं, तसे ते जिने चढून वर आले आणि म्हणाले, "ती सीडी जरा द्या. मी प्रत करून ठेवतो. एकुलती प्रत वाचकाच्या हाती ठेवू नये."

"काका, आम्ही वाचक नाही. आमचीच सीडी आहे ती."

"मालकच सगळ्यात जास्त हरवतात," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी सीडी परत आणून दिली. नंतर आठवडाभराने काकू जिन्यात भेटल्या. सांगत होत्या, की हे त्या सीडीचीच कार्डं करत बसलेत. सीडीवर दोनशे बारा चित्रं होती, आणि त्यांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, कशाला कशाचा मेळ नाही. काकांना ते बघवेना. त्यांनी आपल्या प्रतीतल्या प्रत्येक चित्राला नीट, समजेल असं नाव दिलं, 'कंबर, डावी बाजू, एक', 'कंबर, डावी बाजू, दोन', असं. आणि जुनं नाव, नवं नाव लिहून प्रत्येकाचं एक कार्ड केलं. दोनशे बारा कार्डं. मी घरी येऊन ताईला ते सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

या वर्षी ताईच्या डाव्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या. आधी ती लपवत होती. मग एकदा जिना उतरताना तिचा पाय पायरीवर टेकला तरी तिला कळलं नाही, आणि ती कठडा धरून तशीच उभी राहिली, तेव्हा मला कळलं. पुन्हा एमआरआय, पुन्हा सीडी. गाठ चौदा मिलिमीटर. आमच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे मोठ्या शहरातल्या सर्जनांनाच दाखवावं लागेल. जागा नाजूक आहे. कापायचं म्हटलं तर पायांना धोका आहे, तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण मागच्या वर्षीही ती एवढीच असेल, तर ते थांबतील. वाढली असेल तर थांबणार नाहीत. आणि मागचं काही नसेलच, तर मला वाटतं तेव्हाही थांबणार नाहीत. तेव्हा मागची सीडी आठवणीने न्या."

गुरुवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. हॉस्पिटलमधल्या बाईंनी फोनवर दोनदा बजावलं, की पेनड्राइव्ह चालणार नाही, त्यातून आमच्या यंत्रांत व्हायरस शिरतात, सीडीच आणायची.

मंगळवारी सकाळी मी कपाटातली फाइल काढली. अहवाल होता, पावत्या होत्या, सीडीचं पाकीटही होतं. पाकिटात सीडी नव्हती. मी सगळे खण उपसले. गादीखाली बघितलं, शिवणयंत्राखाली बघितलं, पडद्यांचे गठ्ठे सोडले. ताईवर दोनदा ओरडले, की तुला एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही. मग घाम पुसायला गॅलरीत गेले आणि वर बघितलं.

आता हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. कबुतरांनी माझा जीव नकोसा केला होता. धुतलेले पडदे गॅलरीत घातले की ती त्यांची पूजा बांधायचीच. कोणीतरी सांगितलं, चकाकत्या सीड्या टांगा, उन्हात फिरल्या की कबुतरं बिथरतात. मी एका संतापाच्या दिवशी खणातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सीड्या काढून दोऱ्याने गॅलरीत टांगल्या होत्या. सात होत्या. सहा गाण्यांच्या. सातवीवर पुसट निळ्या शाईत ताईचं नाव होतं. वर्षभर ऊन खाऊन तिचा मुलामा सोलून निघाला होता आणि तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

मी ती हातात घेऊन घरात आले. ताईने माझ्याकडे बघितलं, सीडीकडे बघितलं. मला वाटलं आता आयुष्यात पहिल्यांदा ही माझ्यावर ओरडणार, आणि ओरडली तर बरं होईल. ती म्हणाली, "कबुतरं तरी गेली का?"

"नाही," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

जिथे स्कॅन काढला होता तिथे धावत गेले. त्या जागी आता चपलांचं दुकान होतं. स्कॅनवाल्यांनी गाशा गुंडाळून सहा महिने झाले होते, आणि त्यांच्याकडच्या नोंदी कुठे गेल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चपलांच्या दुकानात उभी असताना मला सूचीकाका आठवले. तिथून घरापर्यंत कशी आले ते मला सांगता येणार नाही.

काका दारातच कुंडीला पाणी घालत होते. मी म्हटलं, "काका, ताईची मागची सीडी मी कबुतरांना घातली." आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आत गेले, एक खण ओढला, बोटांनी कार्डं मागे सारत गेले, आणि एका ठिकाणी बोट थांबलं.

"आहे," ते म्हणाले.

एका शब्दाने माणसाच्या अंगात किती बळ येतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्या पायरीवरच बसले. काकूंनी पाणी आणून दिलं.

पण घोडं पुढे अडलं. चित्रं संगणकात होती, ती सीडीवर उतरवायची कशी? ज्या कप्प्यातून काकांनी मागच्या वर्षी सीडी वाचली होती, तो त्यानंतर कायमचा मिटला होता. काकूंनी स्वेटरच्या सुईने उघडायचा प्रयत्न केला होता आणि सुईच आत मोडली होती. मी नाक्यावरच्या फोटो स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला बाहेरगावच्या कामाला निघालेला, गाडी दारात उभी, त्याचा संगणकही गाडीत चढलेला. तो म्हणाला, "सीडी? आता कोण मागतं हो?" पण भला माणूस. अल्बमच्या ढिगाऱ्याखालून त्याने एक चपटा काळा डबा ओढून काढला, बाहेरून जोडायचा यूएसबीचा सीडी रायटर, आणि पाच कोऱ्या सीड्या. "चालतो का ते बघून घ्या. चालला तर ठेवा, नाही तर फेकून द्या," म्हणाला आणि गेला.

दुपारी दोन वाजता काकांनी तो डबा संगणकाच्या पुढच्या बाजूला जोडला. हिरवा दिवा लागला. आत काहीतरी घरघरलं. दिवा गेला. पुन्हा लागला, पुन्हा घरघर, पुन्हा गेला. मी म्हटलं, "बिघडलेला आहे, त्याने आपल्या गळ्यात मारला." काका म्हणाले, "आधी यंत्राला विचारू." त्यांनी खणातून एक कार्ड काढलं आणि त्यावरची कमांड एकेक अक्षर बघून टंकली. पडद्यावर ओळींमागून ओळी आल्या. ती म्हणे यंत्राची रोजनिशी असते. काय जोडलं, काय सुटलं, सगळं यंत्र त्यात लिहून ठेवतं. काकांनी मला वाचून दाखवलं. नवं उपकरण आलं. उपकरण गेलं. आलं. गेलं. दर चार सेकंदांनी तेच.

"म्हणजे हा ओळख सांगतो, पण उभा राहू शकत नाही," काका म्हणाले. "उपाशी आहे तो."

त्यांनी भिंग घेऊन डब्याच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली आणि कागदावर गणित केलं. त्या डब्याला जेवढी वीज लागते तेवढी एका भोकातून मिळतच नव्हती. मी वायर बघितली. तिला डब्याकडून एक तोंड आणि दुसरीकडे दोन तोंडं होती. मघापासून आम्ही एकच जोडलं होतं, कारण मला वाटलं होतं की दुसरं फोन चार्ज करायचं असेल, आणि मी काकांना तसं ठामपणे सांगितलंही होतं. काकांनी संगणक फिरवला आणि दोन्ही तोंडं मागच्या भोकांत घातली. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं, एवढं गप्प का?"

मग सीडी लिहिण्याचा प्रोग्रॅम उघडला, तर तो म्हणतो, रायटर सापडत नाही. समोर दिवा जळतोय आणि हा म्हणतो सापडत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काका मात्र कार्डं चाळत राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी कपाळावर हात मारला. झालं होतं असं, की त्यांनी स्वतःच्या संगणकावर स्वतःचीच दोन खाती केली होती, एक ग्रंथपालाचं आणि एक वाचकाचं. रोज काम करायचं ते वाचकाच्या खात्यातून, म्हणजे चुकून काही मोडायला नको. आणि सीडीच्या यंत्राला हात लावायचा हक्क ज्या गटाला असतो, त्या गटात त्यांनी वाचकाला घेतलंच नव्हतं.

"मी मलाच सभासद करून घ्यायचं विसरलो," ते म्हणाले.

त्यांनी ग्रंथपाल होऊन वाचकाला सभासद करून घेतलं. तरीही प्रोग्रॅम तेच म्हणे. आणखी एक तास गेला. मी आतापर्यंत तो डबा रस्त्यावर भिरकावण्याच्या बेतात होते. शेवटी काकूच हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, नवीन सभासदाला तुम्ही काय सांगायचात? बाहेर जा आणि कार्ड घेऊन परत आत या. मग याला एकदा बाहेर काढा की." काकांनी खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश केला, आणि रायटरचं नाव पडद्यावर आलं. सगळ्या संसारात या माणसाने काकूंचं एवढं कौतुक केलं नसेल तेवढं त्या पाच मिनिटांत केलं.

पहिली सीडी घाईने लिहायला गेलो, ती अर्ध्यावर फुकट गेली. दुसरी अगदी सावकाश लिहायला लावली. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि दार उघडून सीडी बाहेर आली, कोमट. संध्याकाळचे सहा वाजले होते. मी ती उचलून निघाले, तर काका म्हणाले, "थांब. तपासल्याशिवाय कार्ड खणात जात नाही."

त्यांनी हॉस्पिटलातल्यासारखी थेट सीडीवरून चित्रं उघडणारा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि सीडी पुन्हा आत घातली. पडदा काळा राहिला. चित्र नाही. एकही नाही. काकांनी सीडीवरची नावं एकेक करून वाचली, आणि मग त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं त्यांना काही होतंय.

ते हळूहळू बोलले. मूळ सीडीवर एक यादीची फाइल असते. हॉस्पिटलचं यंत्र आधी ती यादी वाचतं, आणि यादीत जी नावं असतात त्या नावांची चित्रं शोधतं. यादीत जुनी नावं होती. चित्रांना नवी होती. यादी म्हणते हे पुस्तक कपाटात आहे, आणि कपाटात त्या नावाचं पुस्तकच नाही. शिवाय त्या यादीच्या फाइलचंही बारसं त्यांनी 'अनुक्रमणिका' म्हणून करून टाकलं होतं, त्यामुळे यंत्राला यादीसुद्धा सापडली नसती.

"मीच केलं हे," ते म्हणाले.

इथे मी जे बोलले ते माझ्याच्याने पुसलं जात नाही. मी म्हटलं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? जे आहे ते आहे तसं ठेवता येत नाही का? तुमच्या या चिठ्ठ्यांच्या खुळापायी माझी बहीण अंथरुणाला खिळली म्हणजे तिच्याही पलंगावर एक चिकटवा." वर्षभर ताईची सीडी कबुतरांपुढे नाचवणारी मी, आणि मी त्या माणसाला हे बोलले. काकांनी चष्मा काढला आणि तो कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. काकू म्हणाल्या, "तू आता वर जा. जेव आणि झोप. उद्या सकाळी आठ वाजता ये. येताना मोठीला घेऊन ये." आवाज चढवला नाही त्यांनी, पण मी गुपचूप उठले.

बुधवारी आठ वाजता आम्ही दोघी खाली गेलो. संध्याकाळी पाचची बस होती. टेबलावर कार्डांचे चार गठ्ठे मांडलेले होते, आणि काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकापुढे बसले होते, जसे कामावर निघालेत. मी म्हटलं, "काका, काल मी..." ते म्हणाले, "ते नंतर. आधी क्रमाने हे."

प्रत्येक कार्डावर दोन नावं होती. वर जुनं, खाली नवं, पेन्सिलीने, टाइप केल्यासारखं स्वच्छ. यंत्राला एका दमात सगळी नावं बदलायला सांगता आलं असतं, पण कोणत्या चित्राचं जुनं नाव कोणतं हे यंत्राला कुठे माहीत होतं? ते जगात फक्त त्या कार्डांना माहीत होतं. काकू कार्ड वाचणार, काका टंकणार, ताई पडद्यावर ताडून बघणार आणि मी झालेली कार्डं उलटी ठेवणार, अशी वाटणी झाली. माझ्याकडे सगळ्यात बिनडोक काम होतं, आणि ते योग्यच होतं.

दोनशे बारा नावं. ऐकायला काही नाही वाटत. पण एक आकडा चुकला तर एक चित्र हरवणार, आणि गाठ नेमकी त्याच चित्रात असली तर? काकूंचा घसा बसला तेव्हा मी वाचायला बसले. मला तेव्हा कळलं की ही कार्डं करायला आठ दिवस का लागले असतील. एकाही कार्डावर खाडाखोड नव्हती. आमच्या ताईच्या पाठीचा एकेक तुकडा या माणसाने, कोणी सांगितलेलं नसताना, कोणी आभार मानलेले नसताना, एखादं मोलाचं पुस्तक असावं तसा नोंदवून ठेवला होता. आणि मी वर बसून हसत होते. वाचता वाचता मला पुढची अक्षरं दिसेनात, तेव्हा ताईने माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि पुढे वाचायला लागली.

सगळ्यात शेवटी 'अनुक्रमणिका'चं नाव पुन्हा पहिल्यासारखं झालं. तिसरी सीडी घातली. अडीच वाजता ती बाहेर आली. काकांनी तपासायचा प्रोग्रॅम उघडला, आणि पडद्यावर ताईचा मणका दिसला, मधे करड्या रंगात, वाटाण्याएवढा तो ठिपका. एरवी असलं काही दिसलं तर माणूस घाबरेल. आम्ही चौघं त्याच्याकडे डोळे भरून बघत होतो.

काकांनी चौथ्या सीडीवरही तेच उतरवलं. "एक हिच्या पिशवीत, एक तुझ्या," ते मला म्हणाले. "आणि ऊन लागू देऊ नकोस." एवढाच एक टोमणा त्यांनी मला मारला, तोही हसून.

गुरुवारी हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने आमच्या दोन्ही सीड्या, मागची आणि या वर्षीची, घेतल्या आणि आत कुठेतरी नेल्या. आम्ही बाकावर बसलो. तिथलं यंत्र काकांची सीडी वाचेल का, न वाचलं तर ते आम्हाला सांगतील का, की तसेच कापायची तारीख देतील. ताई समोरच्या भिंतीकडे बघत डावा पाय चपलेत घालत होती, काढत होती.

डॉक्टर उंच, थकलेल्या चेहऱ्याचे होते. त्यांच्यापुढे दोन पडदे होते, एकावर मागचं वर्ष, एकावर हे. दोन्ही उघडले होते. त्यांनी एका ठिपक्यावर रेघ ओढली, मग दुसऱ्यावर. पुन्हा ओढली. मग खुर्ची आमच्याकडे वळवली.

"चौदा आणि चौदा," ते म्हणाले. "वर्षभरात केसभरही वाढलेली नाही. तुमच्या मुंग्या या गाठीमुळे नाहीत, खाली एक शीर दबली आहे, ती व्यायामाने सुटेल. गाठीला मी हात लावणार नाही. दर वर्षी येऊन दाखवा." मग त्यांनी मागच्या वर्षीच्या पडद्याकडे बोट केलं. "हे नसतं ना, तर खरं सांगतो, मी आज तुम्हाला दाखल करून घेतलं असतं."

बाहेर आलो. ताई चार पावलं चालली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते आता आलं. मी तिला धरलं. जरा सावरल्यावर ती म्हणाली, "काकांना फोन लाव."

फोन पहिल्या रिंगला उचलला गेला. मला वाटलं होतं, काका आधी विचारतील की सीडी उघडली का. त्यांनी विचारलं, "ती कशी आहे?"

"कापणार नाहीत, काका. वाढलेली नाही. चौदाला चौदा."

मग ते म्हणाले, "मला काल दिवसभर एकच दिसत होतं. ती नावं मी बदलली, आणि त्यापायी या पोरीचे पाय..."

मला त्यांना म्हणायचं होतं की माफ करा, मी वाईट बोलले, तुमचे उपकार आम्ही कसे फेडू. पण मी नुसतं 'काका, काका' म्हणत राहिले. ताईने माझ्या हातातून फोन घेतला.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही जपून ठेवलं नसतं, तर आज माझ्याकडे चुकायलासुद्धा काही नसतं. सोमवारी मी तलावावर जाणार आहे. माझ्या पायांनी."

आम्ही दोघी फोनला कान लावून त्या गर्दीत उभ्या होतो. मग काकूंचा आवाज आला.

"हे आता बोलायचे नाहीत गं. खाली जमिनीवर बसलेत आणि मला हाताने सांगताहेत की पोरींना म्हणावं आधी पोटभर जेवा, आणि सावकाश या."